कोळंबीचे साल आणि माझा ठराव

माझ्या पत्रांना उत्तरे येत नाहीत, ही वस्तुस्थिती मी आरंभीच नोंदवून ठेवतो. जिल्हा न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला पत्र कसे लिहावे हे कोणी शिकवायला नको. विषय, संदर्भ, मुद्देनिहाय मजकूर, शेवटी प्रतिलिपी कोणाकोणास रवाना, सारे जागच्या जागी असते. मी बँकेतल्या दोरीने बांधलेल्या पेनविषयी लिहिले आहे, रसवंतीच्या कर्कश घुंगरांविषयी लिहिले आहे, आणि लग्नाच्या मांडवाने रस्ता अडला तेव्हा थेट वधूपित्याला लिहिले आहे. उत्तर शून्य. पोच मात्र प्रत्येक पत्राची आहे. पोचपावत्यांच्या आठ फायली माझ्या कपाटात आहेत आणि माझी पत्नी दर दिवाळीला त्यांना साड्यांबरोबर ऊन दाखवते.

त्यामुळे सदनिका क्रमांक दोनमधून माझ्या पत्राला उत्तर आले, तेव्हा मी ते दोनदा वाचले, आणि मग आतल्या खोलीचे दार लावून तिसऱ्यांदा वाचले.

आमची इमारत नाशिकच्या जेल रोडला आहे. तीन मजली, लिफ्ट नसलेली, गच्चीवर गेले की एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसणारी. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. आमच्या देवघराची खिडकी आणि तळमजल्यावरच्या सदनिका क्रमांक दोनच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर एकाखाली एक आहेत. हे बिल्डरचे पाप. त्यालाही मी लिहिले होते. बरीच वर्षे त्या पापाचा त्रास झाला नाही, कारण खाली एक एकटे गृहस्थ राहत आणि ते डबा आणून जेवत. मग ते पुण्याला गेले, सदनिका भाड्याने दिली, आणि एका सकाळी मी शंख धुऊन ताम्हनात ठेवत असताना खिडकीतून सुक्या जवळ्याचा वास आला.

जवळा म्हणजे ती वाळवलेली, अंगठ्याच्या नखाहून बारीक कोळंबी. कांद्यावर परतली की तिचा वास भिंतींना विचारत नाही. आमच्या घरी मांसाहार नाही. हे मी अभिमानाने नव्हे, केवळ पक्षकाराची माहिती म्हणून नोंदवतो. मी पूजा अर्धवट ठेवली नाही. पूर्ण केली, आणि मग टेबलाशी बसून पत्र लिहिले.

पत्र मी स्पीड पोस्टाने पाठवले. पहिल्या मजल्यावरून तळमजल्यावर. पत्नी म्हणाली, "अहो, अठरा पायऱ्या आहेत फक्त."

"हाती कागद देताना बोलावे लागते," मी म्हणालो, "आणि बोलण्याची पोच मिळत नाही."

तिसऱ्या दिवशी पोस्टमन ते घेऊन आमच्याच जिन्याखाली उभा राहिला आणि वर पाहून ओरडला, "काका, खाली जाऊन दिलं असतं तर मला सायकल काढावी लागली नसती!" मी त्याच्या वरिष्ठांना लिहिणार होतो. पण त्याच आठवड्यात ते उत्तर आले आणि राग दुसरीकडे वळला.

उत्तरात तीन मुद्दे होते. पहिला, वास येतो हे मान्य. दुसरा, अर्जदाराने 'मासे तळणे' असा आरोप केला आहे. जवळा हा मासा नव्हे, त्याला पाठीचा कणा नसतो, आणि तो तळला नव्हता, परतला होता. तिसरा, गैरसोयीबद्दल मनापासून दिलगीर. खाली सही, आणि सहीखाली पोच मिळावी ही विनंती.

दुसरा मुद्दा वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच वेळी मला फार बरे वाटले. हे मी पत्नीलाही आजवर सांगितलेले नाही.

हे दोन नंबरचे गृहस्थ मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरचे, वय पंचेचाळीसच्या आसपास, शीतकरणाचे इंजिनिअर. उमेदीची वर्षे त्यांनी मासळीवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांत काढली: आधी आपल्याकडच्या किनाऱ्यावर, मग व्हिएतनाममध्ये, मग इक्वेडोरमध्ये. आता पिंपळगावच्या बाजूला द्राक्षे थंड करण्याच्या प्लांटवर होते. कोळंबी आणि द्राक्ष यांचा काय संबंध, असे मी एका पत्रात खोचकपणे विचारले होते. त्यांनी लिहिले, 'दोन्हींचा प्रश्न एकच असतो, महोदय: मूळ जागेवरून सुटल्यापासून गारव्यात पोचेपर्यंत किती वेळ गेला. फक्त द्राक्षाचे नातेवाईक रात्री ओरडत नाहीत.' या शेवटच्या वाक्याचा अर्थ काय, हे विचारायला मला आणखी एक पत्र लिहावे लागले. तो विनोद होता, असे उत्तर आले.

त्यांच्याबरोबर त्यांच्या मातोश्री राहत. खुब्याचे ऑपरेशन झालेले, चौपायी वॉकर घेऊन चालणाऱ्या. डॉक्टरांनी त्यांना जिना कायमचा बंद केला होता. जवळा परतणाऱ्या त्याच.

पत्रव्यवहार वाढत गेला. मी कलमे लिहायचो, ते त्यांतून बाहेर पडायचे. 'शिजवू नये' म्हटले, तर त्यांनी कळवले की काल शिजवले नव्हते, थायलंडची पद्धत वापरून पाकिटबंद केलेले कालवण होते, ते फक्त गरम पाण्यात बुडवले. 'मासे' म्हटले, तर कोळंबी सुटायची. 'मासे व कोळंबी' म्हटले, तर खेकडा सुटायचा. शेवटी मी खेकडाही घातला, तर जपानी तऱ्हेच्या खेकडाकांड्या निघाल्या. त्यांत खेकडा औषधालाही नसतो, पांढऱ्या माशाचा लगदा मळून, रंगवून खेकड्याच्या आकारात कापलेला असतो. म्हणजे खेकड्यावर बंदी घालून मी मासा पकडला, असे त्यांनी मला लेखी कळवले आणि वर शुभेच्छा दिल्या.

मी चिडून लिहिले की प्रगत देशांत असले धंदे वस्तीपासून दूर हाकलून दिले आहेत, तुम्हीही काही बोध घ्या. त्यावर चार पानी उत्तर आले. नॉर्वेत पकडलेला मासा केवळ काटे काढण्यासाठी गोठवून चीनला जातो आणि साफ होऊन परत त्याच समुद्राकडे येतो, हे मला त्या पत्रातून कळले. मी ते वाचून उभाच राहिलो. माझे पत्र पहिल्या मजल्यावरून तळमजल्यावर जाताना नाशिकरोडच्या टपाल कार्यालयात फेरी मारते म्हणून घरचे मला हसतात. मासा अर्धी पृथ्वी फिरतो त्याला कोणी हसत नाही. पण आता म्हणे हे बदलते आहे. तिकडे क्ष-किरणांनी काटा शोधून पाण्याच्या धारेने तो कापून काढणारी यंत्रे आली आणि काम परत घरी चालले. इक्वेडोरवाले पूर्वी कोळंबी अख्खी गोठवून पाठवत, आता सोलून, पाठीतला काळा दोरा काढून पाठवू लागले. आपल्याकडे मात्र किनाऱ्यावरच्या कितीतरी शेडमध्ये अजून बायाच बर्फाच्या पाण्यात हात घालून कोळंबी सोलतात. 'माझ्या आईने हे काम केले आहे', एवढे एकच वाक्य त्या परिच्छेदाच्या शेवटी होते. त्याला मी उत्तर दिले नाही. त्यात खोडून काढण्यासारखे काही नव्हते.

अशातच त्यांचा अकरा महिन्यांचा करार संपत आला. पुण्याचे मालक सोसायटीच्या ना हरकत पत्राशिवाय नवा करार करणार नव्हते. 'मला झंझट नको' असा त्यांचा निरोप होता. आणि सोसायटीत वातावरण तापलेले होते, कारण माझ्या खिडकीतल्या वासाच्या जोडीला एव्हाना पार्किंगमध्येही वास येऊ लागला होता. तो फार वाईट होता. स्कूटर काढायला आलेला माणूस नाक धरून किक मारायचा. सगळ्यांनी बोट दोन नंबरकडे दाखवले, आणि सगळ्यांच्या वतीने लिहायला मी होतोच.

मी ठराव लिहिला. इतकी वर्षे न्यायालयात दुसऱ्यांनी लिहिलेल्या कलमांतली भोके पाहिली होती. माझ्या कलमात भोक राहणार नव्हते. 'जलचर प्राण्याच्या देहापासून वा देहाच्या कोणत्याही भागापासून मिळवलेला कोणताही पदार्थ, कोणत्याही रूपात व कोणत्याही प्रमाणात, इमारतीत आणणे, ठेवणे, शिजवणे, परतणे, गरम करणे वा सेवन करणे यांस मनाई राहील. उल्लंघन करणारा भाडेकरू असल्यास त्यास ना हरकत पत्र दिले जाणार नाही. सभासद असल्यास त्याचे नाव तीस दिवस सूचनाफलकावर लावण्यात येईल.' सभासदांचे पोटकलम मी केवळ ठराव एकतर्फी दिसू नये म्हणून घातले होते. असा ठराव कायद्याच्या कसोटीला उतरेल का, याविषयी मला स्वतःला दाट शंका होती. माणूस काय खातो यावरून त्याचे घर काढून घेता येत नाही. पण त्या वेळी मी वादी होतो, आणि वादीला शंका परवडत नाहीत.

सोसायटीचे सेक्रेटरी देवळा तालुक्यातले. गावी कांद्याचे क्षेत्र, इथे बियाण्याचे दुकान. त्यांच्याकडे मसुदा घेऊन गेलो. त्यांनी तिथल्या तिथे अनुमोदक म्हणून सही ठोकली.

"वाचले का?" मी विचारले.

"काका, तुमचं लेटर मी आजपर्यंत पुरं वाचलेलं नाय," ते म्हणाले. "पण लय भारी असतं."

रविवारी सकाळी दहाला सर्वसाधारण सभा ठरली. विषयपत्रिकेत सातवा विषय. दोन नंबरच्या लोकांना हे कळले असणारच, कारण सूचना त्यांच्याच दाराशेजारच्या फलकावर होती. तिथून ना विनंती आली ना भांडण. मला ते टोचले. विरुद्ध पक्षाने कैफियत दाखल करू नये म्हणजे काय? म्हणून मी आठवडाभर आधी शेवटचे पत्र टाकले. त्यात एकच प्रश्न होता: 'आपल्या उद्योगातील टाकाऊ भागांचे, म्हणजे साले, डोकी, काटे, कातडी यांचे आपण काय करता? सदर भाग पार्किंगमध्ये कुजत आहेत काय?' उत्तर काहीही आले तरी ते कबुली ठरावे, अशी प्रश्नाची बांधणी होती.

उत्तर गुरुवारी आले. मी जेवायला बसलो होतो. पत्नीने ताटाशेजारी पाण्याचा पेला आणि माझी गुडघ्याची गोळी ठेवली होती. चार वर्षे मी ती गोळी दिवसातून दोनदा घेत होतो. सकाळची पूजेनंतर जेवायला बसताना, संध्याकाळची शुभंकरोतीनंतर. तिच्यामुळेच अठरा पायऱ्या माझ्या राहिल्या होत्या.

मी पत्र मोठ्याने वाचू लागलो. 'महोदय, आता या उद्योगात टाकाऊ असे काही राहिलेले नाही. जगभर हाच ओघ आहे. आइसलँडमध्ये माशाच्या कातडीपासून जखमेवर लावायचा पडदा करतात. तिथली माशांची डोकी वाळवून आफ्रिकेत जातात, लोक आवडीने रस्सा करतात. व्हिएतनाममध्ये कोळंबीच्या सालांचे ट्रक एका कारखान्यातून निघून शेजारच्या कारखान्यात शिरतात. त्या सालांपासून काढलेला एक अर्क आपल्या नाशिकचे द्राक्षबागायतदार वेलीवर फवारतात. त्याच सालांपासून ग्लुकोसामाइन नावाचा पदार्थ काढतात. तो गुडघेदुखीच्या गोळ्यांत असतो. आपल्या माहितीसाठी सविनय सादर.'

पत्नीने गोळीकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले.

"डबी आण," मी म्हणालो. "आणि भिंग."

डबीवर मोठ्या अक्षरांत ग्लुकोसामाइनच होते. पाकिटाच्या तळाशी, घडीच्या आत, मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांत, ते कवचधारी जलचरांपासून मिळवल्याचे छापले होते. फरसाणाच्या पुडीवर मी आधी हिरवी खूण पाहतो आणि मग वजन. या डबीवर मी कधी काही शोधलेच नव्हते, कारण औषध म्हणजे औषध, अशी माझी समजूत होती.

"चार वर्षं," पत्नी म्हणाली. तिने बोटांवर काही मोजले नाही, पण तिचा चेहरा मोजत होता. "सकाळ-संध्याकाळ. अहो, एवढी कोळंबी तर खालच्यांनीही खाल्ली नसेल."

"हसू नकोस."

"मी कुठे हसते आहे," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. तिकडून बराच वेळ भांडी वाजत होती. धुवायला एकही भांडे नव्हते.

मी गोळी घेतली नाही. दुपारी त्या कंपनीला पत्र लिहिले, डॉक्टरांना लिहिले, औषधाच्या दुकानदाराला लिहिले. शुक्रवारी सकाळी गुडघा बोलू लागला. डॉक्टरांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, गोळी बंद केल्याचा परिणाम एका दिवसात होतच नाही, हा मनाचा खेळ आहे. असेल. पण मनाला मला लेखी विचारता येत नाही.

आणि आता माझ्यापुढे कायद्याचा प्रश्न उभा होता. ठराव मंजूर झाला तर पहिला अपराधी मी. देहाच्या कोणत्याही भागापासून मिळवलेला, कोणत्याही रूपात, कोणत्याही प्रमाणात. आणणे, ठेवणे, सेवन करणे. मी निसटायला भोक शोधले. अर्धा दिवस शोधले. कलम उत्तम लिहिलेले होते.

डबी लपवली असती तर? हा विचार माझ्या मनात आला हे मी कबूल करतो. तो टिकला नाही. ज्या कागदावर दोन नंबरच्या मातोश्रींना घराबाहेर काढायचे, त्याच कागदाखाली मी डबी लपवून सही करायची, हे मला जमणारे नव्हते. तीस वर्षे न्यायालयात खोट्या साक्षी ऐकल्या त्या काही धडा म्हणून नव्हे.

सभा रविवारी होती. स्पीड पोस्ट तोवर पोचले नसते. तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी, कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत मी खाली गेलो आणि त्या दाराची घंटी पहिल्यांदा वाजवली.

गृहस्थांनी दार उघडले. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिले. हात रिकामा होता.

"काका! लेखी काही?"

"तोंडी," मी म्हणालो. हा शब्द उच्चारताना मला फार यातना झाल्या.

आत त्यांच्या मातोश्री पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या. पलंगाशेजारच्या स्टुलावर पाण्याचा तांब्या, पंचांग, आणि माझीच डबी. म्हणजे तीच कंपनी, तेच झाकण.

"बसा भाऊ," त्या म्हणाल्या. "गुडघा धरलाय वाटतं. गोळी सोडलीत?"

मी गृहस्थांकडे वळलो. "तुम्हाला माहीत होते?"

"नाही हो काका, शपथेवर सांगतो."

"त्याला काय माहीत असायचं," मातोश्री म्हणाल्या. "मला माहीत होतं. घंटागाडी येते तेव्हा तुमच्या डब्यात वरच रिकामी डबी असते. माझ्यासारखीच. तुमचं पत्र आलं, सालांचं काय करता म्हणून. मी म्हटलं, लिही बाबा, सगळं खरं लिही."

मी खुर्चीत बसलो.

"एक सांगू का भाऊ?" त्या पुढे म्हणाल्या. "मी किती वर्षं कोळंबी सोलली. आम्ही कोळंबी खातो नि साल टाकतो. तुम्ही साल खाता नि कोळंबी टाकता. मग सोवळ्यात कोण जास्त, ते तुम्हीच कायद्यानं ठरवा."

गृहस्थ खिडकीबाहेर पाहत होते, त्यांचे खांदे हलत होते.

मी घसा साफ केला आणि पार्किंगच्या वासाचा मुद्दा काढला, कारण कुठलातरी मुद्दा हवा होता. गृहस्थ लगेच गंभीर झाले.

"खिडकीतला वास आमचा. कबूल आहे, पहिल्याच पत्रात दिला आहे कबुलीजबाब. पार्किंगमधला आमचा नाही. तो आंबवलेला वास आहे. मासळी आणि गूळ एकत्र कुजवले की येतो. मीटरच्या खोलीमागे सेक्रेटरींचे निळे कॅन आहेत बघा. फिश अमिनो. कांद्यावर फवारायला घरी बनवतात. झाकण सैल आहे एकाचं."

"मग इतके महिने बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत. तुमची सगळी पत्रं खिडकीबद्दल होती. शेवटच्यात विचारलं होतं, 'आपल्या उद्योगातील' टाकाऊ भाग. तो आमचा उद्योग नाही. आरोपात जेवढं आहे तेवढ्यालाच उत्तर द्यावं, नाही का काका?"

उभ्या हयातीत इतके शुद्ध उत्तर मी वकिलांच्याही तोंडून ऐकले नव्हते. मी चहा घेतला. हा माणूस पुढल्या महिन्यात या इमारतीतून गेला, तर माझ्या पत्रांना उत्तर कोण देणार, हा प्रश्न कपातल्या शेवटच्या घोटापाशी मला पडला, आणि तो माझ्या गुडघ्याहून जास्त दुखला.

ठराव मागे घेणे सोपे नव्हते. नियमानुसार एकदा प्रसृत झालेला ठराव अनुमोदकाच्या संमतीशिवाय मागे घेता येत नाही. हा नियम आमच्या सोसायटीत मीच आणला होता. शनिवारी सेक्रेटरींना गाठले. ते म्हणाले, "आता कसा मागे घेता काका? सगळे तयार झालेत. त्या वासानं लोक लय तापलेत." वासाची उत्पत्ती मी त्यांना त्या वेळी सांगितली नाही. पुरावा सभेत मांडायचा असतो.

रविवारी सभा पार्किंगमध्येच भरली, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, नाकावर रुमाल धरून. भाडेकरूंना सभेत बसण्याचा अधिकार नसल्याने दोन नंबरचे गृहस्थ आपल्या दारात उभे होते. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजांमागे त्यांच्या मातोश्रींचा चेहरा दिसत होता. सहा विषय पटापट झाले. सातव्याला सेक्रेटरी म्हणाले, "ठराव वाचला असं धरू. हात वर करा."

"वाचला असे धरता येणार नाही," मी उठून म्हणालो. "प्रस्तावक म्हणून मी तो पूर्ण वाचणार."

लोकांनी सुस्कारे टाकले. मी सावकाश, स्वल्पविरामांसह वाचला. मग खिशातून डबी काढून अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली आणि सांगितले की या ठरावाखालचा पहिला गुन्हेगार मी स्वतः आहे. ठराव मंजूर होताच माझे नाव तीस दिवस सूचनाफलकावर लावावे, आणि आडनावाचे स्पेलिंग नीट लिहावे. डबीचे मूळ काय, हे मी समजावून दिले. चार-सहा ज्येष्ठ सभासदांचे हात आपोआप आपापल्या गुडघ्यांवर गेले.

"ते औषध आहे हो," तिसऱ्या मजल्यावरच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"ठरावात औषधाला सूट नाही. मीच दिलेली नाही. आता दुसरे. ज्यांच्या देवघरात शंख आहे त्यांनी हात वर करावा."

कोणी हात वर केला नाही, पण सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

"शंख कसा धरता?" मुख्याध्यापिका उसळल्या. "तो देवाचा आहे!"

"बाई, देवाचा तो नंतर झाला. आधी तो समुद्रातल्या गोगलगाईचा होता. तिच्या देहाचा भाग. ठेवणे यास मनाई आहे. माझ्याही घरी आहे, त्याबद्दल माझे नाव आणखी तीस दिवस लावावे. आपल्या कानांत मोती आहेत. मोतीही शिंपल्याच्या देहातूनच येतो. मी आपल्याला आत्ता सावध करतो आहे, कारण ठराव मंजूर झाल्यावर मला तसे करता येणार नाही."

त्यांनी दोन्ही कान हातांनी झाकले, जणू मी मोती ओढून घेणार होतो.

"तिसरे," मी म्हणालो, आणि मीटरच्या खोलीकडे वळलो. गुडघा ओरडत होता, पण मी चालत गेलो. वर टाकलेले पोते बाजूला केले. निळे कॅन तीन होते. सैल झाकणाच्या कॅनला मी हातातल्या काठीचा नुसता स्पर्श केला. सभेची पहिली रांग उठून उभी राहिली.

सेक्रेटरींचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "काका, ते... ते कांद्याचं टॉनिक आहे. शेतीचं हाय ते!"

"त्यात काय आहे?"

"गूळ."

"आणि?"

सेक्रेटरी कॅनचे झाकण आवळू लागले. तेव्हा खिडकीच्या गजांमागून आवाज आला, "बांगडा आहे. वासावरून सांगते. नि गूळ कमी पडलाय, म्हणून घाण मारतो."

त्यानंतर सभेत जे झाले त्याचे इतिवृत्त लिहिणे माझ्याही हाताला जमले नाही. सभासद हसत होते, सेक्रेटरी शपथा घेत होते, आणि मुख्याध्यापिका सगळ्यांना पुन्हा पुन्हा विचारत होत्या की मोती शाकाहारी करून घेता येतात का. मी अनुमोदकाला विचारले की ठराव मागे घ्यायला त्यांची संमती आहे का. त्यांनी इतक्या जोरात मान हलवली की तिची पोच मागायची गरज पडली नाही. ठराव मागे गेला. मग मी तिथल्या तिथे दुसरा मांडला: सदनिका क्रमांक दोनच्या भाडेकरूस नूतनीकरणासाठी ना हरकत पत्र द्यावे. एक ओळ. त्यात एकही पोटकलम नव्हते. सगळ्यांचे हात वर गेले, सेक्रेटरींचे दोन्ही.

खिडकीतला चेहरा तेवढ्यात आत गेला. वॉकरची टकटक ऐकू आली, मग तव्याची.

आता खिडकीच्या वासाबद्दल आमच्यात एक लेखी समझोता आहे. सकाळी पावणेनऊच्या आत जवळा तव्यावर पडणार नाही, आणि पावणेनऊच्या आत माझी पूजा आटोपलेली असेल. पहिल्या अटीचा भंग आजवर झालेला नाही. दुसऱ्या अटीचा भंग माझ्याकडून तीनदा झाला, आणि तिन्ही वेळा मला खालून नोटीस आली. गृहस्थांनी माझ्यासाठी मक्यापासून बनवलेल्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्या शोधून दिल्या. तेही याच उद्योगाचे नवे वळण म्हणे. कोळंबीशिवाय कोळंबीचे काम करून घेणे. गुडघा पूर्वीसारखाच आहे. कंपनीने माझ्या पत्राला उत्तर दिलेले नाही. डॉक्टरांनी नाही, दुकानदाराने नाही.

पत्रे मात्र आता मी पोस्टाने पाठवत नाही. परवा एक घेऊन खाली उतरलो. विषय: आइसलँडमधील माशांची डोकी आफ्रिकेत नेमक्या कोणत्या देशात जातात, याचा खुलासा होणेबाबत. गृहस्थ पिंपळगावला होते. मातोश्री एकट्याच होत्या.

"पत्र आहे," मी म्हणालो. "दुसऱ्या प्रतीवर पोच द्या."

त्यांनी चष्मा लावला, माझेच पेन घेतले, आणि भिंतीला टेकवून सावकाश दोन ओळी लिहिल्या. ती प्रत माझ्या नवव्या फायलीत पहिलीच आहे. तिच्यावर लिहिले आहे: 'मिळाले. चहा टाकते, पिऊन जावे.'